पिंजऱ्यातलं अस्वल आणि बिळातलं खवले मांजर

कुंभार्ली घाट उतरला की पोफळी, शिरगाव, अलोरे अशी गावं लागतात. अलोऱ्याचं नाव महाराष्ट्राला माहीत आहे ते कोयना प्रकल्पामुळे. कोळकेवाडी धरणातलं पाणी इथल्या वीजगृहातली चार जनित्रं फिरवतं, ३२० मेगावॅट वीज देतं आणि पुढे वाशिष्ठीला मिळतं. गावाच्या डोक्यावर सह्याद्रीची रांग उभी आहे. रांगेच्या माथ्यावर कोयनेचं अभयारण्य आहे, ते २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. त्या जंगलात अस्वल आहे. खाली चिपळूण तालुक्यातल्या सड्यांवर, काजूच्या बागांत आणि देवरायांत खवले मांजर आहे. एक केसाळ, दुसरं खवल्यांनी मढलेलं, पण वारूळ फोडून वाळवी आणि मुंग्या खायची सवय दोघांचीही. दोघांचं आणखी एक साम्य त्यांच्या मुळावर उठलेलं आहे. पूर्व आशियातल्या पारंपरिक औषधांच्या बाजारात दोघांनाही भाव आहे, अस्वलाला पित्तासाठी आणि खवले मांजराला खवल्यांसाठी. यांपैकी अस्वलाची शेती झाली, खवले मांजराची होऊ शकली नाही. पुढे दोघांचं जे झालं त्यातला फरक कोकणातल्या माणसाने नीट पाहण्यासारखा आहे, कारण ‘जनावर पाळून विकलं तर रानातलं वाचेल’ हा युक्तिवाद अधूनमधून आपल्याकडेही ऐकू येतो आणि वरवर तो पटतोही.

आधी अस्वलाचं पाहू. पित्ताचा औषधी उपयोग चीनच्या सन ६५९ मधल्या औषधिग्रंथात नोंदलेला आहे. म्हणजे परंपरा तेराशे वर्षांची, यात शंका नाही. पण त्या सगळ्या काळात पित्त मिळायचं ते मारलेल्या अस्वलाच्या पित्ताशयातून. जिवंत अस्वल पिंजऱ्यात ठेवून त्याचं पित्त वर्षानुवर्षं काढत राहायचं, ही पद्धत १९८० च्या दशकातली. ती उत्तर कोरियात सुरू झाली आणि चीन, दक्षिण कोरिया, व्हिएतनाम, लाओस इथे पसरली. परंपरेच्या नावाखाली आज जिचं समर्थन केलं जातं, ती शेती आपल्याकडच्या रंगीत दूरदर्शनच्या वयाची आहे.

या शेतीत बहुतेक करून काळं अस्वल वापरतात. आपल्या हिमालयात आढळतं तेच, छातीवर चंद्रकोरीसारखा फिकट पट्टा असलेलं. पिंजरा इतका अरुंद असतो की कित्येकदा त्याला मागे वळताही येत नाही. पोटाला भोक पाडून ते थेट पित्ताशयापर्यंत नेलेलं असतं. कुठे त्यात धातूची नळी कायमची बसवतात, कुठे नळी न ठेवता जखमच उघडी राखतात आणि दिवसातून एकदोनदा त्यातून पित्त झिरपवून घेतात. चीनमध्ये नळीविना काढायची ही दुसरी पद्धतच तेवढी मान्य आहे आणि ती ‘सुधारित’ म्हणून सांगितली जाते. पण उघडी ठेवलेली जखम भरून यायला बघते, म्हणून ती पुन्हा पुन्हा उकरावी लागते. सुटका झालेल्या अस्वलांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या पशुवैद्यांना सुजलेली पित्ताशयं, खडे, पू आणि यकृताचे कर्करोग सापडत आले आहेत. पिंजऱ्याचे गज चावून तुटलेले दात तर नेहमीचेच. असं पित्त औषध म्हणून पोटात घेणाऱ्या माणसाचं काय होत असेल, हा प्रश्न प्राण्यांची कणव नसलेल्यालाही पडायला हरकत नाही.

आता दुसरी बाजू. अस्वलाचं पित्त म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा, असं म्हणून हात झटकता येत नाहीत. त्यातलं अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल हे खरोखर गुणकारी द्रव्य आहे. पित्तनलिकांचा एक चिवट विकार आणि काही प्रकारचे पित्तखडे यांवर आधुनिक वैद्यकही ते देतं. चिपळूणच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली की ३०० मिलिग्रॅमच्या गोळ्यांची पट्टी समोर येते. त्या गोळीत अस्वलाचा अंशही नाही. हे द्रव्य प्रयोगशाळेत तयार करायची रीत १९५० च्या दशकातच सापडली, आणि कत्तलखान्यातून सहज मिळणाऱ्या गुरांच्या पित्तापासून ते टनावारी बनवलं जातं. मात्रा ठरलेली, शुद्धता तपासलेली, किंमत परवडणारी. म्हणजे पर्याय आधी आला आणि अस्वलांची शेती त्यानंतर तीसेक वर्षांनी सुरू झाली. औषधाची गरज हे शेतीचं कारण असतं तर ती सुरूच झाली नसती. पर्याय दिला की मागणी आपोआप ओसरते, हा आपला एक लाडका समज आहे. अस्वलाच्या पित्ताने तो खोटा ठरवला.

मग शेती टिकली कशावर? शेती करणाऱ्यांचं आणि त्यांच्या सरकारांचं उत्तर असं, की पाळीव अस्वलांमुळे रानातली अस्वलं वाचतात. एका अस्वलाच्या पित्ताशयासाठी एक अस्वल मारायचं, त्यापेक्षा एकाच अस्वलाकडून वीस वर्षं पित्त घ्यायचं. हिशोब कागदावर चोख आहे. प्रत्यक्षात तो तीन ठिकाणी फसला. पहिलं म्हणजे अस्वलं पिंजऱ्यात हवी तशी वीत नाहीत, म्हणून व्हिएतनाम आणि लाओसमधल्या शेतांत रानातूनच पकडून आणलेली अस्वलं भरली जात राहिली. दुसरं म्हणजे गिऱ्हाईक. रानातल्या अस्वलाचं पित्त जास्त ‘जोरदार’ असं मानणारे लोक त्यासाठी जास्त पैसे मोजायला तयार असतात. गावरान कोंबडीला ब्रॉयलरपेक्षा जास्त भाव का मिळतो हे ज्याला कळतं, त्याला हे समजावून सांगायला नको. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पूर्वी दुर्मीळ आणि महाग असलेलं पित्त शेतीमुळे मुबलक झालं. मुबलक माल खपवायचा तर नवी गिऱ्हाइकं लागतात. मग ते चहात, दारूत, डोळ्यांच्या थेंबांत, टूथपेस्टमध्ये, शाम्पूतही गेलं. ज्या ग्रंथाचा दाखला देतात त्यात टूथपेस्ट नव्हती.

शेतीने आणखी एक गोष्ट तयार केली, ती म्हणजे शेती चालू राहण्यात ज्यांचं हित आहे अशी माणसं. दक्षिण कोरियाचं उदाहरण यात बोलकं आहे. तिथल्या सरकारने १९८१ मध्ये शेतकऱ्यांना जोडधंदा म्हणून अस्वलं आयात करायला प्रोत्साहन दिलं. चारच वर्षांत टीका झाली आणि १९८५ मध्ये आयात थांबवली. पण आणलेली अस्वलं होती, पिंजरे होते, त्यात अडकलेलं भांडवल होतं. भरपाई कोण देणार, अस्वलं कुठे न्यायची, यावर पुढली कित्येक वर्षं गेली. २०२२ मध्ये सरकार, शेतकरी आणि प्राणिमित्र संघटना यांचा समझोता झाला, डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने कायदा केला आणि त्यात १ जानेवारी २०२६ ही बंदीची तारीख ठरली. पंचेचाळीस वर्षं. चीनमध्ये तर हा धंदा अजून कायदेशीर आहे. २०१२ च्या सुमारास पित्ताची औषधं बनवणारी ग्वेइझेनतांग ही कंपनी शेअर बाजारात उतरायला निघाली, तेव्हा खुद्द चिनी लोकांनी एवढा गदारोळ केला की तिला पुढल्या वर्षी अर्ज मागे घ्यावा लागला. कंपनी बाजारात आली नाही, पण पिंजरेही रिकामे झाले नाहीत.

याच्या शेजारी खवले मांजर ठेवून पाहू. त्याचे खवले म्हणजे केराटिन, आपल्या नखांत असतं तेच. बाळंतिणीला दूध यावं, सूज उतरावी, रक्ताभिसरण सुधारावं म्हणून चिनी वैद्यकात ते भाजून, कुटून देत आले. खवले मांजर पाळायचे प्रयत्नही झाले, पण ते फळले नाहीत. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं, खाणं मुंग्या-वाळवीखेरीज फारसं चालत नाही, आणि बंदिवासाच्या ताणाने पोटात व्रण होऊन, न्यूमोनिया होऊन ती मरतात. म्हणजे सगळा माल रानातूनच यायचा. आशियातली खवले मांजरं विरळ झाली तशी आफ्रिकेतली जाऊ लागली. एप्रिल २०१९ मध्ये सिंगापूरच्या बंदरात एका आठवड्याच्या आत, नायजेरियातून व्हिएतनामकडे चाललेल्या दोन खेपांत मिळून पंचवीस टनांहून जास्त खवले पकडले गेले. त्याआधी २०१६ मध्ये जोहान्सबर्गला भरलेल्या वन्यजीव व्यापारविषयक परिषदेत खवले मांजराच्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी झाली होती. २०२० मध्ये चीनने खवले मांजराला सर्वोच्च संरक्षण दिलं आणि आपल्या औषधकोशाच्या मूळ द्रव्यांच्या यादीतून खवले काढून टाकले. कंपन्यांच्या काही तयार औषधांच्या कृतींत ते त्यानंतरही राहिले, म्हणजे दार पुरतं लागलं नाही. तरीही यादीतून नाव गेलं, ही मोठी गोष्ट. त्याच वर्षी, दोनतीन महिनेच आधी, त्याच देशाच्या आरोग्य यंत्रणेने कोविडच्या उपचारांसाठी सुचवलेल्या औषधांत अस्वलाचं पित्त असलेलं एक इंजेक्शन होतं.

एकाच सरकारने एकाच वर्षी दोन प्राण्यांना दोन न्याय का लावले, याची कारणं अनेक असतील. साथीचा संशय तेव्हा खवले मांजरावर होता, हेही त्यातलं एक. पण माझ्या मते मोठं कारण हे, की खवले मांजराच्या मागे शेती नव्हती. ज्याचं नुकसान होईल असा परवानाधारक शेतमालक नव्हता, कामगार नव्हते, शेतीच्या मालावर उभा राहिलेला कारखाना नव्हता. अस्वलाच्या मागे हे सगळं होतं. पाळून जनावर वाचतं म्हणणाऱ्यांनी या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात.

याला एक प्रामाणिक अपवाद आहे आणि तो आपल्या किनाऱ्याशीच जोडलेला आहे. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवरच्या गुहांत पाकोळ्या लाळेने घरटी चिकटवतात. या घरट्यांच्या सूपाला पूर्व आशियात मोठी मागणी आहे. या शतकाच्या सुरुवातीला तिथून घरटी चोरीला जात असल्याचं चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने उघडकीला आणलं आणि वनखात्याच्या मदतीने ती चोरी रोखली. इंडोनेशिया-मलेशियात मात्र पाकोळ्यांसाठी बांधलेल्या इमारतींत हे पक्षी आपणहून येऊन राहतात, मोकळे उडतात, आणि पिल्लं उडून गेल्यावर घरटं काढलं तर पक्ष्याचं काही बिघडत नाही. तेव्हा माणसाने रानाकडून काहीच घेऊ नये, असा माझा हट्ट नाही. पण पक्ष्याने सोडलेलं घरटं काढणं आणि जिवंत जनावराच्या पोटाला भोक पाडणं, किंवा अंगावरचे खवले उकळत्या पाण्यात सोलणं, यांना एकाच ‘शेती’ या शब्दात बसवणं हा हिशोबातला लबाडपणा आहे.

आता कोकणातला बाजार. वन्यजीव व्यापारावर लक्ष ठेवणारी ‘ट्रॅफिक’ ही संस्था आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया यांच्या नोंदींनुसार २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत भारतात खवले मांजरांच्या तस्करीची ३४२ प्रकरणं पकडली गेली आणि त्यांत १,२०३ खवले मांजरं होती. ओडिशाखालोखाल नंबर महाराष्ट्राचा होता, ४७ प्रकरणं आणि १३५ प्राणी. हे फक्त पकडलेले. प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधला आहे, गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे, तरीही रत्नागिरी-रायगडात बनावट गिऱ्हाईक पाठवून सापळा लावल्याच्या बातम्या येत राहतात. त्यांत पकडलेली माणसं बहुधा कुणी सराईत तस्कर नसतात. ‘पार्टी’ लाखांत पैसे देणार, असं कुणीतरी कानात सांगितलेलं असतं. मांडुळाबद्दल पसरवलेली पैशांच्या पावसाची थाप आता खवले मांजराभोवतीही फिरते. म्हणजे बाजार चीनचा, पण त्याला फोडणी आपल्या घरच्या अफवेची.

जनावराचा स्वभावही तस्कराच्या पथ्यावर पडतो. खवले मांजर रात्री हिंडतं, दात नसतात, चावत नाही. धोका वाटला की डोकं पोटाशी घेऊन, त्यावर शेपूट आवळून घट्ट वेटोळं करतं. खवल्यांच्या धारदार कडा बाहेर राहतात. या वेटोळ्यापुढे बिबट्याही बहुधा हरतो. माणसाला मात्र ते उचलून पोत्यात घालायला सोयीचंच पडतं. पकडणं इतकं सोपं आहे की शोधणं हेच खरं काम उरतं. कोणत्या सड्यावर, कोणत्या जांभ्याच्या कपारीखाली ताजी माती उकरलेली आहे, हे मुंबईच्या दलालाला कळत नाही. ते गावातल्याच कुणाला तरी ठाऊक असतं. एवढ्या लांब साखळीतली सर्वांत स्वस्त आणि जिच्यावाचून सगळं अडतं अशी कडी ती आहे, आणि तिचं मन वळवणं हे सिंगापूरच्या बंदरात कंटेनर फोडण्याइतकंच मोलाचं काम आहे.

‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने रत्नागिरी जिल्ह्यात नेमकी तीच कडी धरली. भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी १९९२ पासून काम करत आहेत. वेळासचं कासव संवर्धन ही त्यांची सर्वांत गाजलेली कामगिरी. खवले मांजरासाठी त्यांनी गावोगाव सभा घेतल्या, बिळांजवळ स्वयंचलित कॅमेरे लावले, शाळांत गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात जागतिक खवले मांजर दिनाला ‘खवलोत्सव’ झाला. खवले मांजराची प्रतिकृती पालखीत बसवून गावाने ती नाचवली. शहरी माणसाला हे जरा बालिश वाटेल. पण शिमग्यात पालखी नाचवणाऱ्या गावाला जे पालखीत बसलं त्याला हात लावताना विचार करावा लागतो. तिथे कायद्याचं पोस्टर दहा वर्षं लटकवलं असतं तरी एवढं झालं नसतं.

एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. आपण कोंबड्या पिंजऱ्यात कोंबतो, बोकड कापतो, मग अस्वलाचा एवढा कळवळा कशाला? कोंबडीचे पिंजरेही वाईट आहेत, यात वाद नाही. पण एक गैर आहे म्हणून दुसरं चालवून घ्यावं, हे कुठल्या न्यायात बसतं? शिवाय फरक आहेच. कोंबडी हजारो वर्षं माणसाजवळ राहिलेली आहे आणि तिच्या खुराड्यामुळे रानकोंबडा संपत नाही. अस्वलाच्या पिंजऱ्यामुळे रानातलं अस्वल संपतं. आणि कोंबडीला पर्याय शोधावा लागतो, पित्ताला तो सत्तर वर्षांपूर्वीच सापडला आहे.

‘दुसऱ्यांच्या परंपरेत आपण कशाला नाक खुपसायचं’ हा आक्षेप जास्त सभ्य आहे. पण व्हिएतनाममध्ये हे काम परंपरेच्या आतल्यांनीच हाती घेतलं. तिथल्या पारंपरिक वैद्यांच्या संघटनेने २०२० पर्यंत अस्वलाचं पित्त देणं बंद करण्याचा शब्द दिला आणि त्याऐवजी वनस्पती सुचवल्या. २०१७ मध्ये सरकारने सगळी अस्वलं सोडवण्याचा करार ॲनिमल्स एशिया या संस्थेशी केला. २००५ मध्ये तिथल्या शेतांत चार हजारांहून जास्त अस्वलं होती, ती आता काही शेकड्यांवर आली आहेत. परंपरा म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. आपल्याकडेही कस्तुरीच्या जागी लताकस्तुरी आली म्हणून आयुर्वेद बुडाला नाही.

पोटापाण्याचा प्रश्न सर्वांत अवघड, आणि त्याचं उत्तर भारतात एकदा देऊन झालेलं आहे. नाकात वेसण घातलेलं अस्वल घेऊन दरवेशी गावात यायचा, हे महाराष्ट्रातल्या पन्नाशीपुढच्या वाचकांना आठवत असेल. पोरांची भीती जावी म्हणून त्यांना अस्वलावर बसवायचे आणि अस्वलाचा केस ताईतात घालून गळ्यात बांधायचे. तोही औषधाचाच एक बाजार होता. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून होता, तरी खेळ तीसेक वर्षं चालूच राहिला, कारण अस्वल जप्त केलं तर दरवेशी खाणार काय याचं उत्तर कायद्यात नव्हतं. वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेने अस्वल घेताना कुटुंबाला दुसऱ्या धंद्यासाठी भांडवल आणि शिक्षण दिलं, अस्वलांसाठी आग्र्याजवळ आणि इतरत्र निवारे उभे केले, सहाशेहून जास्त अस्वलं सोडवली आणि २००९ मध्ये शेवटचं नाचरं अस्वल ताब्यात घेतल्याचं जाहीर केलं.

अलोऱ्यापासून डुगव्यापर्यंतच्या पट्ट्यात तेच गणित मांडता येईल, आणि इथे ते सोपं आहे, कारण खवले मांजरावर कुणाचं घर चालत नाही. अचानक मिळणाऱ्या लाखांच्या आशेवर ते पकडलं जातं. ते लाख हातात पडत नाहीत आणि तुरुंग मात्र आहे, हे गावात पुरेसं पसरलं की आशा मावळते. ज्याला सड्यावरची बिळं ठाऊक आहेत, त्यालाच वनखात्याने कॅमेरे सांभाळायला, वणव्यावर लक्ष ठेवायला नियमित मानधन द्यावं. बागायतदारानेही एक हिशोब करून बघावा. एक खवले मांजर रात्रभर जी वाळवी आणि मुंग्या फस्त करतं, त्या मारण्यासाठी तो दरवर्षी बागेत किती रुपयांचं औषध ओततो?